धरलेला ब्रेक

मेकॅनिकने जॅकवर उचललेलं पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी धरून ओढलं. चाक तसूभरही हललं नाही.

“आत कोणी ब्रेक दाबून बसलंय की काय?” मागे उभी असलेली त्याची मुलगी हसत म्हणाली.

त्याच्या काखेतला पाना फरशीवर पडला.

“गंज आहे,” तो वाकून पाना शोधत म्हणाला. “गाडी उभी ठेवली की ब्रेकचा कॅलिपर चाकाला धरून बसतो. महिन्यातून दोनदा तरी फिरवायला हवी होती.”

“मग फिरवली का नाहीत? गिऱ्हाइकांना तर दम देऊन सांगता.”

तो चाकाचे नट सोडवू लागला. आठ महिने गाडी शेडमध्ये कापडाखाली होती. आता मुलीला खालच्या शहरातल्या दवाखान्यात नोकरी लागली होती, उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. नऊ वळणांचा उतार, आणि दुसरी गाडी घरात नव्हती.

चाक उतरवून, तेलाची नळी सोडवून कॅलिपर खोलल्यावर सगळं दिसलं. रबरी टोपी फाटलेली, पिस्टनवर तांबूस खरपुडी, पिना कोरड्या ठाक. त्याने पिना घासल्या, बोटाने वंगण लावलं, नवं रबर बसवलं, पिस्टन हलक्या हाताने आत ढकलला. हात कामावर होते तोवर बरं होतं. आता नळी परत जोडून राहिली होती फक्त तिच्यातली हवा काढायची.

“मी बसते ना पायडलवर,” मुलगी म्हणाली. “आई बसायची तशी.”

“नको. बाटली लावतो. आपोआप उतरतं तेल, वेळ लागतो एवढंच.”

आई बसायची. बुटकी बाई, सीट पार पुढे ओढून, पाठीला उशी लावून बसायची. तो चाकापाशी पडून ओरडायचा, “दाब! धर!” मग हवा काढायचा नट किंचित उघडायचा, बुडबुडे बाहेर पडायचे, तो नट आवळायचा आणि म्हणायचा, “सोड.” त्याआधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत शिरते. तिने कधी उचलला नाही. “घरात माझं एक ऐकत नाही हा माणूस,” ती आतून म्हणायची, “आणि इथे याच्या हुकमाशिवाय मला पाय हलवायची सोय नाही!”

शेवटच्या दिवशी त्याने याच चाकाचा तो नट आवळला आणि तेवढ्यात फोन वाजला. बोलत बोलत तो फाटकापर्यंत गेला. परत आला तेव्हा तिचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं होतं आणि पाय पायडलवर होता. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं, कळलंही नसेल. त्याने सगळं सगळ्यांना सांगितलं होतं. आपण एक शब्द म्हणायचा विसरलो, एवढंच कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याने नट सैल केला, पारदर्शक नळी बाटलीत सोडली आणि वाट पाहत बसला. पाव तास गेला. थेंब आला नाही. वरची तेलाची टाकी काठोकाठ भरलेली होती. नट पुरा काढून त्याने भोकात फुंकर मारली; भोक मोकळं होतं. नट परत लावला. तरी काही नाही. पायडल दाबलेलं असलं की टाकीची वाट बंद होते, हे त्याला ठाऊक होतं. मान वर करून आत पाहायचं त्याने टाळलं.

“तोवर बॅटरी जोडते,” मुलगी म्हणाली. बॉनेटखाली दोन ठिणग्या उडाल्या. ती मागे गेली आणि तिथेच थबकली.

“बाबा.”

“काय गं?”

“ब्रेकचे दिवे लागलेत.”

गाडीमागची चुन्याची भिंत लाल झाली होती. भर दुपारी, शेडच्या सावलीत, ओल्या कुंकवासारखी लाल.

“स्विच अडकला असेल,” तो म्हणाला. “तू जरा पाणी घेऊन ये. तांब्याभर.”

तिची पावलं घरात गेली. तो चाकापाशी आडवा झाला, नेहमी व्हायचा तसा, गाल जवळजवळ फरशीला टेकवून. पत्र्याला हात लावला.

“चुकलं गं माझं,” तो म्हणाला. “फार वेळ धरायला लावलं.”

गाडीत काही हललं नाही.

“सोड.”

वर कुठेतरी स्प्रिंग कुरकुरली. भिंत पांढरी झाली. नळीत तेलाचा एक थेंब उतरला, मग दुसरा, मग धार लागली.

मुलगी पाणी घेऊन आली तेव्हा त्याने नट आवळून चाक चढवलं होतं आणि तो ते एका बोटाने फिरवत होता.

“जमलं?”

“जमलं.”

बाकीची तीन चाकंही त्याने तपासली. ऊन उतरल्यावर मुलगी बॅग घेऊन आली. वडिलांसारखीच उंच, दार उघडून ती सरळ आत बसली. गुडघे कुठे अडले नाहीत. तिने खाली पाहिलं, मग त्याच्याकडे.

“सीट तुम्ही मागे सरकवलीत?”

त्याने फडक्याला हात पुसले.

“उतारावर गाडी गिअरमध्ये ठेव,” तो म्हणाला. “ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. लागेल तेवढं दाबायचं, आणि मग पाय काढायचा.”