कोपराचा टेकू

सकाळचा उकडलेल्या युका कंदाचा घास एनिल्साच्या तोंडातच राहिला. चावायला जबड्यात बळ नव्हतं. छातीत कफ भरून तीन दिवस झालेले. तीस वर्षं वस्तीतल्या लहानथोरांना सुया टोचणारी ही बाई, सगळ्यांची 'सेन्यो', आता आपल्याच ओसरीवर डोलखुर्चीत लोळागोळा होऊन पडली होती. नदीपलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते रोज मोज, दहाच्या खाली आलीस तर तडक निघून ये. सकाळी ती चौदापर्यंत गेली. आता दुपारी, ओठांतल्या ओठांत, सहावरच अडकली.

आजाराचं नाव मायस्थेनिया. काम करता करता स्नायू मलूल होतात. दर चार तासांनी गोळी घेतली की जरा हुशारी येते. दोन वर्षं तिने हे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. हातात बळ नसलेल्या बाईकडून सुई कोण टोचून घेणार? या आजारात चालत नाहीत त्या औषधांचं कार्ड तिने सुयांच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी दडपलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

"ताई, घाबरू नकोस," धाकटी दोर्लिस धापा टाकत आली. "जेंटामायसिन आणलंय. खोकल्याला तू आम्हाला हेच देतेस ना? आज मी देते तुला."

कार्डावरचं पहिलंच नाव ते. अंगात गेलं की छाती हलायची थांबणार.

"न... क..." नाकातून नुसता वारा आला.

"अगं बाई, सेन्यो सुईला घाबरते!" पायरीवरची कालिक्स्ता खिदळली. ती आपली ताकदीची सुई घ्यायला आली होती. "आम्हाला मात्र म्हणते, मुंगी चावली समज!"

दोर्लिसने काचेची कुपी एनिल्साच्या मुठीत कोंबली आणि तिची बोटं मिटवली. सुईआधी कुपी रोग्यानेच मुठीत धरून कोमट करायची, म्हणजे औषध कमी झोंबतं, ही एनिल्साचीच शिस्त.

एनिल्साने मनगट कसंबसं खुर्चीच्या हाताबाहेर सरकवलं. पुढचं काम आजारानेच केलं. बोटं उलगडली, कुपी खाली पडून फुटली. जन्मात पहिल्यांदा तिला त्या मेल्या बोटांचं कौतुक वाटलं. शिवाय गुपितही शाबूत राहिलं.

"काय गं हे! नशीब, दोन आणल्यात." दोर्लिसने दुसरी कुपी काढली, आणि या वेळी स्वतःच्याच मुठीत धरली.

श्वास चारवर आला. कालिक्स्ता टक लावून बघत होती. तिला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलं. जाऊ दे चुलीत! एनिल्साने उरलंसुरलं बळ पायात आणून शेजारचं स्टूल लाथाडलं. त्यावरचा डबा उलटला, सुया, कापूस, कार्ड, सगळं ओसरीभर झालं.

"वेड लागलंय का तुला?" दोर्लिस ओरडत वाकली. कार्ड हाती आलं. छापलेलं काही दिसलं की मोठ्याने वाचायचं, ही तिची शाळेपासूनची खोड. "मायस्थेनियाची रुग्ण. पुढील औषधांनी श्वास बंद पडू शकतो. जेंटा..."

मुठीतली कुपी तिने निखारा झटकावा तशी अंगणात फेकली.

कालिक्स्ता तोवर धक्क्याकडे धावत सुटली होती. "होडी काढा रे! सेन्यो गुदमरतेय!"

माग्दालेना नदी ओलांडेपर्यंत दोर्लिस बहिणीच्या तोंडाला कान लावून आकडे ऐकत होती. चार. मग तीन. काठ आला तेव्हा दोन.

बाविसाव्या दिवशी एनिल्सा घरी परतली. घशात नळी घातल्याची खरखर अजून आवाजात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन तिने सवयीने डबा उघडला, आणि मिटून टाकला. आता कोण येणार होतं?

नऊ वाजता कालिक्स्ता आली ती थेट आत जाऊन खाटेवर पालथी पडली.

"माझा हात थकतो," एनिल्सा म्हणाली. "ऐकलंस ना त्या दिवशी?"

"त्या दिवशी होय! दोन वर्षं माझ्या कुल्ल्यावर कोपर टेकवून सुई देतेस, मला कळत नाही? वस्तीतल्या प्रत्येक कुल्ल्याला ठाऊक आहे, बाई. आणि ते आमच्यापासून लपवायला मरायला निघाली होतीस!" कालिक्स्ताने उशीत तोंड खुपसून डोळे पुसले. "चल, टेकव कोपर."