विकायची भाजी

उचगावच्या बाळासोंचे पालकाचे दोन वाफे होते. रस्त्याकडचा विकायचा, घरामागच्या परड्यातला घरी खायचा. ही वाटणी गावात घरटी आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विकायच्या वाफ्याला आठवड्याला सल्फेट खताचा मारा, की पान हातभर आणि रंग काळपट हिरवा. परड्यात नुसतं शेणखत, म्हणून तिथला पालक फिकट आणि किरटा. गिऱ्हाईक रंग बघून जुडी उचलतं, त्याला बिचारे बाळासो तरी काय करणार.

शेजारच्या नाल्याला पूर्वी नटबोल्टांवर मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्याचं पाणी यायचं. कारखाना बंद पडला, घाण तेवढी मातीत मुरून राहिली. म्हणून माती तपासणाऱ्या क्रांती मॅडम दोन्ही वाफ्यांतली माती आणि पानं घेऊन गेल्या, आणि पंधरा दिवसांनी कागद घेऊन आल्या.

"कॅडमियम नावाचा धातू आहे. दोन्हीकडच्या मातीत सारखाच," त्या म्हणाल्या. "पण सल्फेटनं माती आंबट होते, चिकटून बसलेला धातू सुटतो, आणि मुळं तो खताबरोबर वर ओढतात. विकायच्या पानात तो मर्यादेच्या तिप्पट निघालाय. परड्यातल्या पानात मर्यादेच्या आत आहे."

"म्हंजे आमची खायची भाजी चांगली हाय की."

"काका, हा धातू मूत्रपिंडात साठतो, वर्षानुवर्षं निघत नाही. रस्त्याकडची भाजी विकू नका."

"न्हाय इकत," बाळासो म्हणाले, आणि मॅडमची गाडी वळणाआड जाताच शंभर जुड्या बांधायला बसले. जी माणसं तांबडा रस्सा वाट्यावर वाट्या रिचवतात, त्यांना पालकानं काय होणार, असा त्यांचा हिशेब. आपल्या घरात शिरत नाही, मग बास. लेक राजनंदिनी पेठ वडगावला सासरी, सातवा महिना लागलेला. डॉक्टरांनी पालेभाजी खा म्हणून सांगितल्यापासून तिला दर बुधवारी एसटीनं पिशवी जायची, तीही परड्यातलीच. बाळासोंना स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं.

ते कौतुक ऐकवायला ते स्वयंपाकघरात गेले. बायको शालूबाईंनी सगळं ऐकलं आणि हातातली भाकरी परातीतच राहिली.

"परड्यातली न्हाय धाडत मी," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तसली पिवळी भाजी व्याह्यांच्या दारात धाडू व्हय? माहेरची अब्रू हाय का न्हाय? रस्त्याकडचीच धाडतीया. निवडून, मोठ्या पानाची."

"कवापासनं?"

"तिसऱ्या महिन्यापासनं."

 आज बुधवार होता, पिशवी सकाळीच गेली होती. बाळासोंनी लेकीला फोन लावला. उचलला विहीणबाई तानाबाईंनी.

"पावणं, भाजी पोचली बरं का," त्या खुशीत म्हणाल्या. "काय रंग हाय. पोरगी दोन्ही येळंला वाटीभर खाती. आता ताटावरच बसलीया."

"तिला म्हणावं, खाऊ नगं."

"का वं? एवढी झ्याक भाजी."

काहीतरी थाप मारावी म्हणून बाळासोंनी तोंड उघडलं. बुरशी, पाली, कीड, एकही नीट सुचेना, आणि पलीकडून ताटाचा आवाज येत होता.

"ताई, ती खायची न्हाय," शेवटी ते म्हणाले. "ती विकायची भाजी हाय."