हलकं नको

बर्लने खिशातून पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं, मक्याचा पाव आणि घेवड्याचं भांडं यांच्या बरोबर मधोमध.

"उचल वहिनी."

आर्डिथने आधी हात पुसले. तिचा नवरा एस्टिल असता तर जेवणाच्या टेबलावर हत्यार ठेवलं म्हणून त्याने धाकट्या भावाचा कान पिळला असता. पण एस्टिलला जाऊन दोन हिवाळे झाले होते, आणि बर्लचा कान पिळायला आता कुणी उरलं नव्हतं. तिने ते उचललं. हात उगाचच वर गेला, इतकं ते हलकं होतं.

"खेळण्यातलं वाटतंय."

"तीच तर गंमत आहे. याच्याहून हलकं रिव्हॉल्व्हर शहरातल्या दुकानातसुद्धा नव्हतं. दिवसभर जवळ बाळगलंस तरी कळायचं नाही. बायकांना असंच लागतं."

"कुठल्या बायकांना?" बर्लची बायको ओलेटा ताटातून मान वर न करता म्हणाली. "मला तर कधी विचारलं नाहीस."

बर्लने ते ऐकलंच नाही. गेल्या बुधवारी आर्डिथ चर्चच्या प्रार्थनेला गेली असताना घराचं मागचं दार फोडून कुणीतरी आत शिरलं होतं. एस्टिलच्या शेवटच्या दुखण्यातल्या उरलेल्या वेदनाशामक गोळ्या नेल्या, आणि कपाटातल्या त्याच्या सगळ्या बंदुका नेल्या. टर्की फोर्कच्या दरीतलं अगदी टोकाचं घर. शेजार म्हणावा तर खालच्या वळणावरचं चर्च. तेव्हापासून मुलगा ड्वेन लेक्सिंग्टनहून रोज फोन करत होता, आज तर स्वतःच आला होता.

"आई, विकून टाक आणि माझ्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे."

"घाई नको," बर्ल म्हणाला. त्याला निवाडा करायला फार आवडायचं. "महिनाअखेर कबरींवर फुलं वाहायला सगळे जमणारच आहोत. जेवण झाल्यावर नेहमीसारख्या नेमबाजीला कागदी ताटल्या लावू. वहिनीने या पिस्तुलाने पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत मारल्या, तर तिने खुशाल एकटीने राहावं. नाहीतर घर विकायचं. काय म्हणतोस ड्वेन?"

"मला चालेल."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. आर्डिथ म्हणाली, "आधी जेवा. पाव गार होतोय."

जेवण झाल्यावर बर्लने तिला लगेच मागच्या दरडीपाशी नेऊन पाच गोळ्या झाडायला लावल्या. पहिल्याच गोळीला अंगठ्याच्या बेचक्यात असा झटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. दुसरीला तिने डोळे मिटले. पाचवी कुठे गेली ते दरडीलाही कळलं नसावं. ताटली होती तशीच पांढरी.

"बघ," बर्ल म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि जिंकल्याचं सुखही होतं. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सुजलेला हात घेऊन आर्डिथ नोला फ्यूगेटच्या दुकानात गेली. पुढे कोंबड्यांचं खाद्य आणि बटाट्याचं बियाणं, मागे काचेच्या कपाटात पिस्तुलं, असं ते दुकान. नोलाही त्याच चर्चची, त्यामुळे तिला ताई म्हणायची. तिने बर्लचं पिस्तूल उघडून रिकामं केलं, तळव्यावर तोललं आणि गालात हसली.

"खिशासाठी झकास आहे, आर्डिथताई. हातासाठी नाही."

"म्हणजे?"

"गोळी सुटली की धक्का कुठेतरी जाणारच ना. हत्यार वजनदार असलं की थोडा ते स्वतः खातं. याच्या अंगात खायला काही नाहीच, मग सगळा तुमच्या पंजात. त्यात बर्लने भरलीत दांडगी काडतुसं. बाळगायला सोपं ते झाडायला अवघड. पुरुष हे बायकांना घेऊन देतात, आणि बायका दोनदा झाडून खणात टाकतात."

"खणात ठेवायचं नाहीये मला. घरात ठेवलेलं चोराने नेलं. जे काय घेईन ते अंगावर राहील."

नोलाने मान हलवली आणि आधी एक चपटं पिस्तूल दिलं. त्याचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी आत जात नव्हती. आर्डिथने ओढून पाहिलं, सांधे कुरकुरले, ते अर्ध्यातच अडलं.

"हल्ली लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही मला."

"मग हे नकोच. ज्याच्याशी रोज भांडावं लागायचं असं एक माणूस घरात होतं तेवढं पुरे."

"एस्टिलला नावं ठेवू नकोस," आर्डिथ म्हणाली, पण तिला हसू आलं.

शेवटी एक पोलादी रिव्हॉल्व्हर निघालं. पाच गोळ्यांचंच, आखूड नळीचं, पण मूठ मोठी, रबराची. बर्लच्या पिस्तुलाच्या जवळजवळ दुप्पट जड.

"वजन सोसेल?" नोलाने विचारलं.

"माझा बिडाचा तवा याच्या कितीतरी पट आहे. मक्याचा पाव काढताना रोज सकाळी तो उलटा करते."

दुकानामागे मातीचा बांध घातलेला होता. नोलाने सौम्य काडतुसं भरून दिली. या खेपेला हात उडाला, पण दुखला नाही. तरी गोळ्या सगळ्या खालीच लागल्या. नोलाने मग तिला न सांगता काडतुसाचं एक घर रिकामं ठेवलं. आर्डिथने चाप ओढला, गोळी सुटली नाही, आणि तरी नळीचं टोक झपकन खाली गेलेलं दोघींनीही पाहिलं.

"धक्का बसायच्या आधीच हात घाबरतोय," नोला म्हणाली. "कालची खोड आहे ही. जाईल." तिने गल्ल्यातून एक बारीक नाणं काढलं. "घरी पाचही घरं रिकामी आहेत का ते दोनदा बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग नळीच्या टोकावर हे नाणं ठेवून सावकाश चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. रोज."

"रोज करायचं मला शिकवू नकोस," आर्डिथ म्हणाली.

नोला काडतुसांचा डबा बांधता बांधता थांबली. "एक विचारू, ताई? समोर माणूस उभा राहिला तर? इथलाच कुणीतरी असणार तो. कदाचित तुम्ही चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेला."

आर्डिथला त्या सगळ्या पोरांचे चेहरे आठवले. त्यातल्या दोघा-तिघांचे आता गोळ्यांच्या नशेने गाल बसले होते, डोळे खोल गेले होते.

"देवाला रोज विचारते. अजून हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही," ती म्हणाली. "पण माझ्या घरातून मी निघून जावं, असं तर तो मुळीच म्हणालेला नाही."

पहाटे उठून एक स्तोत्र वाचल्याशिवाय आर्डिथ कॉफीला शिवत नसे. एस्टिल गेला त्या सकाळीही तिने वाचलं होतं. आता त्याला नाण्याची जोड मिळाली. सुरुवातीला नाणं ठणकन फरशीवर पडायचं, चुलीखाली घरंगळायचं, आणि गुडघे टेकलेलेच आहेत तर म्हणून ती आणखी एक प्रार्थना म्हणून घ्यायची. पुढे ते डळमळायचं पण पडायचं नाही. मग एका सकाळी चाप शेवटपर्यंत गेला तरी नाणं टोकावर निवांत बसून राहिलं. तिने ते उचलून खिशात टाकलं आणि कॉफी ठेवली.

नंतर ती हत्यार भरून कंबरेला लावायची. चामड्याच्या पट्ट्यात, स्वेटरखाली. शेंगांच्या वाफ्यात खुरपताना ते बरगडीला टोचलं, तसा पट्टा थोडा मागे सरकवला. पहिल्या आठवड्यात कंबर दुखली. पुढे कंबरेने तक्रार करायचं सोडून दिलं.

महिनाअखेरीच्या रविवारी टेकडीवरच्या कबरस्तानात सगळं गणगोत जमलं. एस्टिलच्या दगडापाशी आर्डिथने फुलं ठेवली. वाकली, उठली, गाणी म्हणाली, टोपल्या वाहिल्या, कोंबडीचा रस्सा वाढला, येईल त्याला मिठी मारली. बर्लने तर दोनदा मारली, एकदा प्रार्थनेनंतर आणि एकदा जेवणाअखेरच्या गोड रुबार्ब-पायनंतर.

मग खाली बर्लच्या परसात दरडीला ताटली लागली. बर्लने ते हलकं पिस्तूल पुढे केलं. ओलेटाच्या हातून आर्डिथने ते दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं होतं.

"हे नको," आर्डिथ म्हणाली. "मी माझं घेतलंय."

"नोलाने गळ्यात मारलेलं ते? कळलंय मला. वहिनी, विटेएवढं वजन ते. चार दिवस हौसेने बाळगशील आणि मग राहील खणात. हत्यार अंगावर नसेल तर काय कामाचं? आजचंच घे. कुठे आहे ते? घरीच ना?"

आर्डिथने स्वेटरची कड उचलली.

बर्ल पट्ट्याकडे बघत राहिला. "हे कधी लावलंस?"

"पहाटे. स्तोत्र झाल्यावर."

"म्हणजे कबरस्तानात..."

"पास्टरला विचारलं होतं. आणि तू दोनदा मिठी मारलीस, बर्ल. तुला कळलं का?"

मागे ओलेटा हसली आणि हसू लपवायला तिने रुबार्ब-पायचा तुकडा तोंडात घातला.

आर्डिथने सगळ्यांना मागे उभं केलं, कानांत बोळे घातले आणि दोन्ही हातांनी नेम धरला. तिने घाई केली नाही. एक. दोन. तीन. चार. ताटलीत मुठीएवढ्या जागेत चार भोकं पडली. पाचवीला तिला वाटलं, झालंच आता, आणि तेवढ्यानेच हात हलला. ताटलीच्या कडेबाहेर माती उडाली.

ड्वेन पुढे येऊन हळूच म्हणाला, "आई, चारच."

"दिसतंय मला."

"अट अट असते, वहिनी," बर्ल म्हणाला. त्यालाही ते म्हणताना बरं वाटत नसावं, पण म्हणाला.

आर्डिथने रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं केलं, सावकाश नवी काडतुसं भरली आणि पट्ट्यात ठेवलं. मग ती वळली. तिचा आवाज प्रार्थनेत असतो तितकाच हळू होता, आणि ऐकायला सगळ्यांना पुढे सरकावं लागलं.

"अट तू घातलीस. ड्वेनने मान्य केली. मी म्हटलं, जेवा. त्या घराला तुमच्यापैकी कुणाची परवानगी लागत नाही. मी शिकले ती तुम्हाला दाखवायला नाही, मला माझ्या घरात राहायचंय म्हणून. पाचवी उद्या बघेन."

"अगं पण..."

"आता तू मार, बर्ल. त्या हलक्याने. पाच लागल्या तर तू तुझ्या घरात राहा. नाहीतर ड्वेनची मागची खोली रिकामीच आहे."

ड्वेनची चुलत भावंडं खदखदून हसली. बर्लला माघार घेता येईना. त्याने नवी ताटली लावली, पाय रोवले आणि झाडलं. दुसऱ्या गोळीनंतर त्याने हात झटकला, तिसरीआधी दात आवळले. ताटलीत दोनच भोकं निघाली, त्यातलं एक कडेला फाटलेलं.

"सामान बांधायला घेऊ का रे?" ओलेटाने विचारलं.

बर्ल बेचक्यावर फुंकर घालत हलक्या पिस्तुलाकडे बघत राहिला. "त्या दुकानदाराने मला फसवलं," तो म्हणाला.

"तू झाडून पाहिलं होतंस का घेताना?" आर्डिथने विचारलं.

त्याने पिस्तूल खिशात कोंबलं.

ड्वेनने टोपली उचलून गाडीपर्यंत आणली. दार लावताना तो घुटमळला. "आई, खरं सांग. जड नाही होत?"

"होतं की. तूही होतास. तुला कुठे खाली ठेवलं?"

तो हसला नाही, पण खोलीचा विषय पुन्हा काढलाही नाही.

सोमवारी बर्ल न सांगता आला, मागच्या दाराला पोलादी पट्टी आणि जाड कडी बसवली, आणि कॉफीसुद्धा न घेता गेला. बुधवारी आर्डिथने त्या कडीला कुलूप घातलं, स्वेटर खाली ओढला आणि प्रार्थनेला गेली. प्रार्थना संपल्यावर रेंगाळली नाही. टर्की फोर्कच्या टोकाला, आपल्या घरी परत आली.