खंडेनवमीचं तेल

मी ब्रेकचा लायनर बोलतोय. ओळख पटली नाही ना? पटणारही नाही. जीपच्या चाकात, लोखंडी ड्रमच्या आत, अंधारात माझी जागा. वीतभर लांबी आणि राखेचा रंग. ड्रायव्हरने पाय दाबला की मी फिरत्या ड्रमला जाऊन भिडतो आणि घासून घासून त्याला थांबवतो.

कारखान्यात भुकटी दाबून, भाजून मला घडवलं आणि मुद्दाम खरबरीत ठेवलं. जगात गुळगुळीत असं काही नसतंच हो. ज्याला तुम्ही गुळगुळीत म्हणता त्या ड्रमवरसुद्धा, फार जवळून पाहिलं तर, उंचवटे आणि खड्डे असतात. माझ्यावरही असतात. ते एकमेकांत अडकतात, झगडतात, तापतात, आणि जीप थांबते. त्यात मी रोज थोडा झिजतो. नोकरीच तशी आहे, तक्रार नाही.

पाटणच्या गुंडा मिस्त्रीने मला सयाजीच्या जीपला बसवलं, पुढच्या डाव्या चाकात. सयाजी फौजेतून सुटून आलेला. डोंगरावरच्या वस्तीतून कोयनानगरपर्यंत तो भाड्याने माणसं नेतो-आणतो, वडाप करतो. नऊ माणसांच्या जीपमध्ये चौदा बसवतो आणि पंधराव्यासाठी "आवं, जरा सरका की" म्हणतो. उतारावर त्या पंधरांचं वजन कोण पेलतं, हे कुणीही विचारलं नाही. भाडं सयाजीला आणि नमस्कार घाटातल्या देवाला.

दीड वर्षाने धुळीमुळे मी किंचाळायला लागलो. म्हणून खंडेनवमीला सकाळी सयाजीने पुढची दोन्ही चाकं काढली, ड्रम उघडले, धूळ झटकली आणि झेंडूची फुलं आणायला गेला.

तेवढ्यात त्याचे वडील, भाऊसो, तेलाची वाटी घेऊन बाहेर आले. हत्यारं पूजायचा दिवस. विळा, कोयता, पाण्याची मोटर, सुनेचं शिलाई मशीन, सगळ्यांना तेल मिळालं होतं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"लय वरडतंय बिचारं," ते म्हणाले. "कुणी तेलाचं बोट लावलं न्हाई ह्येला."

आणि त्यांनी मायेने मला तेल चोळलं. हळदकुंकू वाहिलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणी विचारपूस केली होती. मी गटागटा प्यायलो.

सयाजी आला. आत हळदकुंकू दिसलं, पण त्या दिवशी ते घरभर होतं. त्याने ड्रम बसवले आणि नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी दसरा. जीप गच्च भरलेली. पुढे भाऊसो आणि त्यांच्या मांडीला खेटून नात क्रांती. पहिल्याच उतारावर सयाजीने पाय दाबला. मी ड्रमला भिडलो आणि नुसता घसरत राहिलो. आमच्यातले उंचवटे तेलात बुडाले होते, अडकायला काही उरलंच नव्हतं. उजव्या चाकातल्या भावाने मात्र पक्कं धरलं. जीप हिसका मारून उजवीकडे वळली. उजवीकडे दरी होती.

"पप्पा!" क्रांती ओरडली.

सयाजीने ब्रेक सोडला, गिअर खाली आणला आणि स्टेअरिंग डावीकडे ओढून जीप सरळ डोंगराच्या कडेला घासली. पत्रा करकरला. आरसा गेला, पायरी गेली. चाळीसेक पावलं घासत जाऊन जीप थांबली. जे काम माझं, ते डोंगराने केलं.

माणसं धडधाकट उतरली. मग सयाजीला राग आला.

"त्या गुंड्याचं टाळकंच फोडतो! नकली माल घातलाय त्यानं. चला रं पाटणला!"

चार जणांनी बाह्या सरसावल्या. गुंडाचा काडीचा दोष नव्हता. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. भाऊसोंना होतं. तेल घालताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"गुंडाला शिव्या दिऊ नगंस," ते म्हणाले. "तेल मी घातलं."

"बिरेकला?"

"व्हय. वरडत हुतं."

सयाजी डाव्या चाकाशी वाकला. "आन उजव्या चाकाला, आबा?"

"तिकडं जायच्या आत वाटी सपली."

सयाजीने दरीकडे पाहिलं. "हळदकुंकू दिसलं हुतं मला, तरी ड्रम तसाच बसवला," तो म्हणाला. मग तो रस्त्यातच खाली बसला आणि सगळ्यांदेखत बापाचे पाय धरून रडला. बाह्या सरसावलेले चौघे दुसरीकडे बघू लागले.

गुंडाने मला काढलं. पॉलिश पेपर मारून पाहिला. "आत मुरलंय," म्हणाला आणि भंगाराच्या पोत्यात टाकलं. उद्या पोतं कराडला जाईल. माझ्या जागी नवा आलाय. त्याच्यावर माया करायची असेल तर त्याला कोरडं ठेवा, एवढंच मागणं.

काल भाऊसो गॅरेजवर आले होते. पोत्यातून त्यांनी मला शोधून काढलं, मांडीवर घेतलं आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागले.

"आता पुसून काय उपेग न्हाई, आबा," गुंडा म्हणाला.

ते मलाही माहीत होतं. तरी मी पुसून घेतलं.