चिरफाडीची प्रत

कॉलेजचं चार पानी पाक्षिक छापून आलं की पहिल्या दोन प्रती वाटायच्या नाहीत, त्या कँटीनबाहेरच्या फळ्यावर जायच्या. पानांची मांडणी करणारा मुलगा, मांडणीवाला, त्या उलगडून चारही पानं शेजारी शेजारी टाचायचा आणि खाली दोरीला बांधलेलं लाल पेन लटकवायचा. ज्याला जे खटकेल त्याने ते तिथेच लिहावं, मजकुरावर, समासात, हवं तर फोटोतल्या पाहुण्यांच्या कपाळावर, अशी रीत होती. याला सगळे चिरफाडीची प्रत म्हणत. नवा अंक निघाला की जुनी प्रत खाली उतरायची, संपादकांच्या खोलीतल्या टेबलावर पसरायची, आणि ज्याने त्याने आपल्या मजकुरावरचे लाल शेरे स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचायचे. उलट उत्तर द्यायचं नाही. रडायला हरकत नाही, असं आधीचा संपादक सांगून गेला होता. फक्त रडून झालं की पुढचा शेरा वाचायचा.

संपादकांची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. छत उतरतं, त्यामुळे उंच माणसाने दाराजवळच बसावं. या वर्षी नव्या संपादिकेला सल्लागार बाईंनी याच खोलीत बसवून स्पष्ट सांगितलं होतं.

"हे बघ, गेल्या वर्षी निम्मे गठ्ठे सुतळीही न सुटता रद्दीत गेले. प्राचार्यांना ही जागा झेरॉक्स मशीनसाठी हवी आहे. पेपर वाचला जातो असं वर्षभरात दिसलं तर मी भांडेन. नाही दिसलं तर कुठल्या तोंडाने भांडू?"

"दिसेल, बाई," ती म्हणाली, आणि तिने ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

ती सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. बिघाड कुठे आहे ते मोजल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. आणि इथे तर मोजायला लाल शाई आयतीच मिळत होती.

सगळ्यात जास्त लाल कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. तिच्या मावसभावाचं. तो शिकायला म्हणून तिच्याच घरी राहायचा आणि बाहेरच्या खोलीत झोपायचा. अंगाने किडकिडीत आणि जाईल तिथे काड्या करणारा, म्हणून घरीदारी त्याला काडीच म्हणत. शेवटच्या पानावर त्याचं 'नाक खुपसून' नावाचं सदर असे. वाचनालयातल्या बंद पंख्याचं मृत्युपत्र, प्रयोगशाळेतल्या गळक्या नळाचं मनोगत, जिना अडवणाऱ्या जोडप्यांसाठी वाहतुकीचे नियम, असलं काहीबाही.

शेरे वाचायची वेळ आली की काडी खुर्चीवर उभा राहायचा. डोकं छताला लागायचं म्हणून मान वाकडी करून वाचायचा.

"'विनोद कुठे संपतो ते बाणाने दाखवावे.' ऐका, ऐका. 'याच्या घरचे याला काही बोलत नाहीत का?' ताई, हा प्रश्न तुला आहे. 'साफ खोटं! पंखा गेल्या वर्षीच मेला.' त्याच्याखाली दुसऱ्याचं अक्षर: 'तू वाचनालयात गेला होतास? प्रकृती बरी आहे ना?' त्याच्याखाली तिसरा: 'दोघं बाहेर जाऊन भांडा, मला पुढचं वाचू द्या.'"

"उत्तर द्यायचं नाही," संपादिका म्हणाली.

"देतोय कुठे? मी मजा घेतोय."

मांडणीवाला हसून हसून टेबलावर आडवा झाला होता. संपादिका पेन्सिलीने रेघा मारत होती. शेऱ्यांचे तिने प्रकार पाडले होते: चूक, खोटं, कंटाळवाणं, भाषा, वैयक्तिक. कुठल्या मजकुराला किती लाल, याचा तिने आलेख काढला आणि टेबलासमोर चिकटवला.

मग ती कामाला लागली. शब्दकोड्यावर शिव्या पडत होत्या, कारण उभे-आडवे शब्द जुळत नसत. तिने कोडंच काढून टाकलं. खेळाडूंच्या मुलाखतींवर 'पुन्हा हाच?' असं कुणीतरी दर वेळी लिहायचं. मुलाखती बंद. प्राचार्यांचं मनोगत, परीक्षांच्या सूचना, पारितोषिकांची यादी यांच्यावर एकही लाल खूण नव्हती, म्हणून त्यांना जागा वाढवून दिली. अंकागणिक आलेख उतरत गेला आणि तिच्या जिवात जीव आला. आता एकच सुळका उरला होता, शेवटच्या पानावरचा.

एकदा जेवताना तिने काडीच्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. त्याच्या सदरावरचे सगळ्या अंकांतले शेरे, प्रकारवार, टक्क्यांसकट.

"हा काय, माझ्या रक्ताचा रिपोर्ट?" काडी म्हणाला.

"बघू, बघू," तिचे वडील पुढे झुकले. "हिमोग्लोबिन तरी आहे का याच्यात?"

"काका, कंटाळवाणेपणा वाढलाय."

"अगं, त्याला दोन घास सुखाने खाऊ दे," आई म्हणाली. "कागद कसले देतेस ताटावर?"

"आई, त्याच्या भल्यासाठीच आहे. काडी, तुझ्यात सुधारणा करण्यासारखं काय आहे ते बघ, एवढंच. एक तृतीयांश लोकांना कंटाळवाणं वाटतं."

"एक तृतीयांश?"

"शेऱ्यांपैकी."

काडीने कागद खालपासून वरपर्यंत वाचला. हेच शेरे त्याने खुर्चीवर उभं राहून, आवाज बदलून वाचले होते. तेव्हा त्यांना अक्षर होतं. कुणाचं तिरकं, कुणाचं पेन अडकलेलं, कुणी घाईत अर्धवट सोडून पळालेलं. आता ते आकडे झाले होते. त्याने कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि उरलेलं जेवण संपवलं.

त्यानंतर तो मजकूर देण्याआधी विचारू लागला. "ताई, हे कुणाला लागेल का?" "हे लांबलं का?" "हे वाक्य भाषेत मोडेल की वैयक्तिकमध्ये?" ती आनंदाने उत्तरं द्यायची. त्याचे सुळके खरोखरच खाली आले. खुर्चीवर उभं राहणंही बंद झालं. वाचायला तीन-चारच शेरे असत, ते तो बसल्या बसल्या वाचायचा.

"पुढच्या अंकात सदर थांबवून बघू या?" एके दिवशी ती म्हणाली. "काय फरक पडतो ते कळेल."

"म्हणजे प्रयोग?"

"प्रयोगच समज."

"बरं," काडी म्हणाला. वाद नाही, टोमणा नाही. तिला उलट बरंच वाटलं.

त्या अंकाची चिरफाडीची प्रत खाली उतरली ती कोरी करकरीत.

"अगं, जिंकलो आपण!" मांडणीवाला ओरडला. "एक शेरा नाही! स्वल्पविरामालाही कुणी बोट लावलं नाही!"

ती पानं घेऊन ती धावत बाईंकडे गेली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, चारही पानं उलटसुलट करून पाहिली.

"छान. आणि फाटकावर वाटायला ठेवलेले गठ्ठे?"

ती फाटकावर गेली. गठ्ठे होते तसे होते, सुतळीच्या गाठीसुद्धा छापखान्याच्याच. रखवालदार त्यांतल्याच एकावर बसून चहा पीत होता. तिला पाहून तो दचकून उठला.

"बसलो होतो जरा. उठू का?"

"बसा, काका," ती म्हणाली. वाटपात काहीतरी गोंधळ झाला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला तिला सगळा जिना चढेपर्यंत वेळ लागला.

तिला खरं काय ते कळलं प्रयोगशाळेत. पाण्याच्या नमुन्यांच्या प्लेट्स इनक्युबेटरमधून निघाल्या होत्या आणि तिची जोडीदार खूश झाली होती. "स्वच्छ! जंतूंची एकही वसाहत उगवलेली नाही. हे पाणी डोळे मिटून प्यावं." संपादिकेने सवयीने तुलनेची प्लेट उचलली. तिच्यावर जंतू मुद्दाम सोडलेले असतात; बाकी कुठे काही उगवो न उगवो, तिच्यावर उगवायलाच हवं. तीही कोरी होती.

"पाण्याचं राहू दे," ती म्हणाली. "जंतू वाढवायचं माध्यमच खराब झालंय. या प्लेट्सवर काहीच उगवणार नाही, त्यामुळे कोरं असण्याला काही..."

वाक्य तोंडातच राहिलं. हातातली प्लेट खाली ठेवून ती तशीच, अंगातल्या पांढऱ्या कोटासकट, जिन्याखाली गेली.

तिने पहिल्या अंकापासूनच्या सगळ्या चिरफाडीच्या प्रती काढून जमिनीवर मांडल्या. प्राचार्यांच्या मनोगतावर एकाही अंकात लाल टिंब नव्हतं. पारितोषिकांच्या यादीवर नव्हतं, आणि त्या यादीत एका मुलीचं नाव दोनदा छापलं होतं. तिने इतके दिवस या मजकुराला निर्दोष धरलं होतं. तो कुणी वाचलाच नव्हता. आणि काडीच्या सदरावर शेवटच्या ओळीलाही शेरा होता, म्हणजे लोक शिव्या घालत घालत शेवटच्या ओळीपर्यंत पोचत होते. कोड्याच्या चौकोनांत कुणीतरी दुरुस्त शब्द भरले होते, म्हणजे कुणीतरी तिथे उभं राहून ते सोडवलं होतं. 'पुन्हा हाच?' लिहिणारा दर अंकाला येत होता. तिने एकेक करून त्या सगळ्यांना हाकलून दिलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरानेही करू नये अशी चूक तिने वर्षभर, आलेख काढून, केली होती.

आता एकच अंक उरला होता.

काडी घरी बाहेरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता.

"काडी, सदर लिही. पूर्वी लिहायचास तसं."

"का? आलेख खाली आलाय की."

"मी चुकले रे. साफ चुकले. ज्याच्यावर शिव्या पडत होत्या तेवढंच लोक वाचत होते. आपण वाचलं जाणारंच सगळं छाटून टाकलं."

काडीने इस्त्री उभी ठेवली. "म्हणजे त्यांना आवडत होतं?"

"आवडायचं की नाही कुणास ठाऊक. वाचत होते."

"कंटाळवाणं म्हणणारे एक तृतीयांश होते, ताई."

"अरे, शेवटपर्यंत वाचून कंटाळले होते ते!"

पूर्वीचा काडी यावर खो खो हसला असता आणि तिला महिनाभर छळलं असतं. हा म्हणाला, "तू सांगतेस तर लिहितो."

त्याने लिहिलं. वेळेत दिलं, स्वच्छ अक्षरात. विषय होता कँटीनच्या बदललेल्या वेळा. 'नाक खुपसून' हे नाव त्याने काढलं होतं. वर लिहिलं होतं, 'एक दृष्टिक्षेप'. खाली असं होतं की, नव्या वेळा काही विद्यार्थ्यांना गैरसोयीच्या वाटू शकतात. मात्र व्यवस्थापनाच्या अडचणीही समजून घेतल्या पाहिजेत. दोन्ही बाजूंनी सामंजस्य दाखवल्यास तोडगा निघू शकेल. तिने ते दोनदा वाचलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"यात एखादा विनोद असता तर?"

"होता एक. काढला. कुणाला तरी लागला असता."

"लागू दे ना!"

"आणि नसता लागला तर कंटाळवाणा झाला असता."

"बरं, लिहू नकोस. नुसतं बोल. कँटीनवाल्याची नक्कल करायचास तशी कर, मी लिहून घेते."

काडी खरंच उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, एक हात वर केला. त्याच्या चेहऱ्यावर पूर्वीचं काहीतरी येईल म्हणून ती श्वास रोखून बसली. वर केलेला हात हळूहळू खाली आला.

"सुरुवात नीट जमत नाहीये," तो म्हणाला. "जरा जुळवतो आणि सांगतो."

तो आत निघून गेल्यावर तिने स्वतः त्यात दोन खोचक ओळी घालून पाहिल्या. त्या तिच्यासारख्याच वाटत होत्या, मोजून मारलेल्या. तिने त्या खोडल्या आणि त्याचा मजकूर जसाच्या तसा छापायला दिला.

अंक निघाला. फळ्यावर प्रत लागली. मधल्या सुट्टीत ती कँटीनच्या दाराशी उभी राहून बघत होती. एक मुलगी फळ्यापाशी थांबली, तिने चपलेचा पट्टा सरळ केला आणि ती निघून गेली. मग दोन मुलं आली, फळ्याला पाठ टेकून गप्पा मारू लागली.

बाईंनी तिला वर्गाबाहेर गाठलं. त्या रागावल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. "मी भांडायला गेले नाही गं. गठ्ठे प्राचार्यांनी आधीच पाहिले होते. सुट्टीच्या आधी खोली रिकामी करून दे."

काडी संध्याकाळी तिला जिन्याखाली भेटला. ती भिंतीवरून आलेख काढत होती आणि मांडणीवाला पट्ट्या, कात्र्या खोक्यात भरत होता.

"फळ्यावर जाऊन आलो," काडी म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी खरी सुटका होती की तिने वळून पाहिलं. "एकही शेरा नाही, ताई. कुणाला एकही चूक सापडली नाही."

"नाही सापडली."

"मग पुढच्या वर्षी चालू राहणार?"

"नाही. बंद."

मांडणीवाला खोक्याची दोरी बांधायची थांबला. काडीच्या चेहऱ्यावरची सुटका हळूहळू उतरली आणि तिथे काळजी आली. शाळकरी मुलाला परीक्षेचा पेपर परत मिळाल्यावर येते तशी.

"म्हणजे माझं अजून कमी पडलं," तो म्हणाला.

"तुझं नाही रे. तुझं काहीच..."

"नाही, सांग तू. खरंच सांग." त्याने टेबलावरचा एक पाठकोरा कागद ओढला, खिशातून पेन काढलं आणि उतरत्या छताखाली वाकून बसला. "कुठे कुठे चुकलं? मी लिहून घेतो."