चौतीस घरांची म्होरकी

आमच्या गावात चौतीस घरं आहेत आणि एकाही घरात कुणी राहत नाही. भिंतींना गिलावा नाही, दारांना कड्या नाहीत, मंडईतली भाजी प्लास्टिकची आणि चौकात नळ आहे तो नुसता शोभेला. फौजेने हे गाव सरावासाठी बांधलंय. डोंगरापलीकडे खरी बंडाळी पेटलेली आहे. तिथे पाठवण्याआधी प्रत्येक तुकडीला तीन दिवस या खोट्या गावात आणून सोडतात. गावकरी म्हणून आम्हाला बोलावतात. ज्याला त्याला एक पाकीट मिळतं, आत चिठ्ठी: तू दुकानदार, तू विधवा, तू फौजेवर चिडलेला. तीन दिवस तसं वागायचं आणि घरी जायचं.

मी शिंपीण. खरीखुरी. छावणीचे गणवेश शिवता शिवता बावीस वर्षं गेली माझी. म्हणून खोट्या गावातही मला शिंपीणच करतात, आणि चिठ्ठीत दर वेळी एकच शब्द असतो: निरुपद्रवी. सहा सराव झाले, सहाही वेळा निरुपद्रवी! आता सांगा, माणसाला राग येईल की नाही?

सातव्या वेळी पाकीट फोडलं तर आत वेगळंच लिहिलेलं. 'तू बंडखोरांची म्होरकी. फौजेला पत्ता लागू द्यायचा नाही.' मी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून बॉबीनच्या डबीत ठेवली आणि स्वतःसाठी मस्तपैकी चहा टाकला.

दोन दिवसांनी माझी ताई आली ती डोळे पुसतच. तिचा मुलगा फौजेत कॅप्टन. उंची सहा फूट, पण लहानपणी इतका बुटका होता की मी त्याला ठेंगू म्हणायचे, अजूनही म्हणते. या खेपेला परीक्षा त्याच्याच तुकडीची होती.

"पास झाला तर महिन्याच्या आत डोंगरापलीकडे जाईल गं तो," ताई म्हणाली. "नापास झाला तर सहा महिने कोठारात. बूट मोजायचे, घोंगड्या मोजायच्या. मला पोरगा कोठारात हवाय."

"मग मी काय करू? मी निरुपद्रवी आहे," मी म्हटलं. खोटं बोलताना मी सुईत दोरा ओवत राहते, म्हणजे समोरच्याकडे बघावं लागत नाही.

"तुझं तिथे सगळे ऐकतात. काहीतरी कर. तुला माझी शपथ आहे."

खरं तर सरावाच्या अर्जात 'नात्यातलं कुणी फौजेत आहे का' असा रकाना असतो. तो मी रिकामाच सोडला होता. कारकुनानेही विचारलं नाही. ताई गेल्यावर मी कामाला लागले. जिने तीन नणंदांच्या घरात तीस वर्षं संसार केलाय, तिला गनिमी कावा कुणी शिकवावा लागत नाही.

माझी माणसं दोनच, पण पक्की. एक आमचा गावप्रमुख. हा मूळचा बस कंडक्टर, निवृत्त झालेला, आणि भूमिकेत असा शिरतो की घरीसुद्धा बायकोला अर्ज लिहायला सांगतो. दुसरी नर्सबाई, खोट्या दवाखान्यात खोट्या बाळाला खरी टोपी घालणारी. निरोपासाठी माझी युक्ती साधी होती. दुकानाबाहेर दोरीवर शिवलेले शर्ट लटकवायचे. कॉलर वर असेल तर थांबा, कॉलर खाली असेल तर उडवा. उडवायचं म्हणजे काय, तर गुलाबी पावडरीचं पोतं. दोरी ओढली की फट्ट आवाज आणि आसपासचे सगळे गुलाबी. मग पिवळ्या जाकिटातले पंच शिट्टी फुंकत येतात, गुलाबी झालेल्यांच्या दंडाला पांढरी पट्टी बांधतात आणि मेलेल्यांना छपराखाली पाठवतात. तिथे दिवसभर पंखा आणि चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा जिवंत.

ठेंगूला दोन गोष्टी जमवायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी पाचच्या आत म्होरक्याचं नाव चिठ्ठीवर लिहून मोठ्या पंचाच्या हातात द्यायचं, आणि देताना स्वतः जिवंत असायचं.

पहिल्या दिवशी तो तुकडी घेऊन गावात शिरला आणि मला बघून जागच्या जागी थबकला. पण नियम असा की ओळख दाखवायची नाही. "बाई, तुमचं दुकान का?" अगदी करड्या आवाजात विचारलं त्याने. याचं शेंबडं नाक मी पुसलंय, आणि म्हणे बाई!

"हो साहेब," मी म्हटलं. "गरीब बाई आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

त्याच्या मागे एक हवालदार होता, मिशा पिळलेला. त्याचा मंत्र एकच. "साहेब, चार घरं उलटीपालटी करू, दोघांच्या कानाखाली काढू. संध्याकाळपर्यंत नाव मिळतं की नाही बघा."

"नको," ठेंगू म्हणाला. "एकाच्या कानाखाली काढली की दहा जण त्यांच्या बाजूला जातात."

अकराच्या सुमाराला तुकडी विहिरीकडे निघाली. मी शर्टाची कॉलर खाली केली. तेवढ्यात बघते तर सगळ्यात पुढे ठेंगूच! गुलाबी पावडर आहे हे मला कळत होतं हो, पण जीव ऐकतो का? मी दुकानातून ओरडले, "साहेब! तुमच्या माणसाने माझ्या कापडावर बूट ठेवला! भरपाई कोण देणार?" तो मागे वळून आला, कापड बघितलं, माफी मागितली. तेवढ्यात तिकडे फट्ट झालं. चार मेले.

दुपारी पुलावर सहा जण गेले. ठेंगूला त्याआधी पाच मिनिटं कंडक्टरने रस्त्यात गाठून अकरा मागण्यांचा अर्ज वाचून दाखवायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत तीन. त्या वेळी त्याला नर्सबाईने बोलावून घेतलं होतं, बाळाला ताप चढलाय म्हणून. बाळ म्हणजे रबरी बाहुली. ती म्हणाली, त्याने बाहुलीची मान नीट धरली होती.

फौजेची भंबेरी उडाली होती. छपराखाली मेलेल्यांची मैफल जमली होती आणि दोघं-तिघं जवान तर मला हळूच विचारून गेले, "मावशी, पुढचं कुठे उडणार आहे?" बहुधा चहाची तल्लफ आली होती. मी त्यांना ताकास तूर लागू दिली नाही. मी खुशीत होते. ताईला फोन करून म्हटलं, "तुझा पोरगा बूट मोजायला निघाला म्हणून समज."

आणि तिथेच घोटाळा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात पाण्याचा टँकर आला. ठेंगूने कंडक्टरच्या अर्जातली पहिली मागणी वाचली होती: नळाला पाणी हवं. सहा सरावांत कुठल्याही अधिकाऱ्याने हा अर्ज दुसऱ्या ओळीच्या पुढे ऐकलेला नव्हता. याने छावणीतून टँकर मागवला, मागे पाइप जोडला आणि आमच्या शोभेच्या नळाला खरं पाणी आलं! उन्हात उभ्या असलेल्या खोट्या गावकऱ्यांनी खरी तोंडं धुतली. कंडक्टर तर नळाकडे बघत राहिला, एखाद्या नातवाकडे बघावं तसा.

"बाकीच्या दहा मागण्याही लिहून घेतल्यात त्याने," तो मला म्हणाला. "वहीत. तारीख घालून."

"अहो, तुम्ही बंडखोर आहात!"

"ते ठीक आहे हो, पण माझं कधी कुणी लिहून घेतलंय का?"

संध्याकाळी नर्सबाईही फुटली. शाळेमागे पोतं ठेवायला सांगितलं तर म्हणते कशी, "पोरगा चांगला आहे हो. मला नाही जमणार." मी तिला खूप सुनावलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टाच्या कॉलरी वरखाली करून माझे हात दुखले, गावात एक पोतं उडेल तर शपथ. हवालदाराने जे कानाखाली काढून मिळवलं नसतं, ते या पठ्ठ्याने एका टँकरवर मिळवलं. बावीस वर्षं छावणीच्या भिंतीआड बसून मी साहेबांची भाषणं ऐकलीयेत: आधी माणसं जिंकायची, मग मुलूख. ऐकताना जांभया द्यायचे. आता माझीच माणसं जिंकली गेली तेव्हा कळलं, त्यात काय जोर आहे.

माझ्याकडे एकच पोतं उरलं होतं. ते मी दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलाखाली बांधलं आणि दोरी मशीनच्या पायडलला जोडली. म्हटलं, हवालदार येईल बटण लावायला, निदान त्याच्या मिशा तरी गुलाबी करू.

साडेचार वाजता दारात सावली पडली. ठेंगू. एकटाच. त्याने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं, बाजूला ठेवलं आणि धप्पकन स्टुलावर बसला.

माझा पाय पायडलवरच होता.

"मावशी," तो म्हणाला. आता बाई नाही, मावशी. "माझे तेरा जण मेले. तिन्ही वेळा मी त्यांच्याबरोबर असायला हवा होतो, आणि तिन्ही वेळा कुणीतरी मला पाच मिनिटं आधी हाक मारली. काल रात्रभर विचार केला. ज्यांना मला हरवायचं तर आहे, पण ज्यांच्याकडून मला मारवत नाही, पावडरीनेसुद्धा, अशी या जगात दोनच माणसं आहेत. त्यातली आई तर या गावात नाही."

मी सुईत दोरा ओवायला घेतला. जाईचना.

त्याने खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून दाखवली. "तुझं नाव लिहिलंय. आता पंचांकडे देतो. म्हटलं आधी तुला सांगावं. पंचांच्या तोंडून ऐकलंस तर तुला वाईट वाटेल."

"जायलाच हवं का रे तिथे?"

"माझे जवान जाणारच आहेत. हवालदारही जाणार आहे. त्याचा हात धरायला कुणीतरी नको का?" मग तो हसला. लहानपणी पडल्यावर, लागलं नाही असं दाखवताना हसायचा, तसा. "एवढं मात्र कळलंय मला. तिथे पाच मिनिटं आधी कुणी हाक मारणार नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. केवढा हुशार पोरगा! अख्खं गाव जिंकलं, माझ्या पोटातलं ओळखलं, आणि म्होरकीच्या दुकानात आला तो स्टुलाखाली न बघता बसला. का, तर मावशी आहे. डोंगरापलीकडेही कुणाच्या तरी मावश्या असतील. त्याही गोड बोलतील, स्टूल पुढे करतील.

मी पायडल दाबलं.

फट्ट! दुकान गुलाबी झालं, मशीन गुलाबी, मी गुलाबी. ठेंगूच्या पापण्यांपासून बुटांपर्यंत एक जागा कोरी राहिली नाही. त्याने तोंड उघडलं तर दात तेवढे पांढरे दिसले. "मावशी!" एवढंच म्हणाला.

शिट्टी फुंकत मोठा पंच आला. त्याने चिठ्ठी उघडून वाचली, माझ्याकडे बघितलं, परत चिठ्ठीकडे बघितलं. "नाव बरोबर आहे," तो म्हणाला. "पण कॅप्टन मेलेत. आणि चिठ्ठी त्यांनी जिवंतपणी माझ्या हातात दिलेली नाही. नापास." मग पांढरी पट्टी माझ्याकडे देऊन म्हणाला, "बाई, जरा बांधता का? माझे हात रंगतील."

बावीस वर्षांत लाखभर गाठी मारल्या असतील मी. ती एक गाठ तीनदा सुटली. खोटं गाव, खोटं मरण, सगळं माहीत असून मी त्याच्या दंडाला धरून रडले, अगदी हुंदके देऊन. तो गुलाबी हाताने माझी पाठ थोपटत होता.

"स्टुलाखाली बघायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो. आणि आधी चिठ्ठी द्यायची. मग मावशी."

ताईचा आनंद काय वर्णावा! फोनवर नुसती हसत होती. "जिंकलीस गं तू! सहा महिने निश्चिंत. आणि सहा महिन्यांनी परत परीक्षा दिली तर परत मार त्याला."

"मारेन," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी मारेन. यापुढे हाकबीक काही मारणार नाही. जितक्या वेळा न बघता बसेल, तितक्या वेळा मारेन."

"आणि बघून बसला तर?"

"तर जाऊ दे त्याला, ताई."

मग तिने विचारलं, तो रंग कपड्यांवरून निघतो का. मी म्हटलं, निघतो, दोन धुण्यांत.

दुसऱ्या दिवशी मी कारकुनाकडे गेले आणि पुढच्या सरावाला मलाच म्होरकी करा म्हणून सांगून आले. अर्जातला रकाना या वेळी भरला: भाचा, कॅप्टन, एक. कारकून म्हणाला, असं चालत नाही. मी म्हटलं, मोठ्या पंचांना विचारा. त्याने विचारलं, आणि पंचांनी हसून सही केली.

सहा महिने आहेत हातात. रोज मशीनवर बसल्या बसल्या मी जागा शोधते. मापाची वही, इस्त्रीचं टेबल, आरशाची मागची बाजू. स्टुलाखाली तर तो बघणारच.