दुहेरी ‘भारत’ची पावली

मित्रांनो, मी पंचवीस पैशांची पावली, आता जुनी झालेली. माझ्या एका बाजूला गेंडा आहे, दुसऱ्या बाजूला ‘भारत’ हा शब्द आहे, आणि तो दोनदा उमटलेला आहे. बाजारात मला आता कुणी घेत नाही. खरं सांगायचं तर मलाही कुठे जावंसं वाटत नाही. फार हात पाहिले, थकले आता.

माझा जन्म १९९४ सालचा, एका टांकसाळीतला. नाणी पाडायचा पोलादी ठसा घडवताना त्यावर मूळ नमुना दोनदा दाबला गेला आणि दुसऱ्या वेळी तो केसभर सरकला. त्या ठशाखालून आम्ही ज्या ज्या बहिणी बाहेर पडलो, त्या सगळ्यांच्या अंगावर तीच जुळी अक्षरं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग मी दिल्लीभर हिंडले. बसच्या कंडक्टरची चामडी पिशवी, पानवाल्याचा ओला गल्ला, भाजीवालीची कनवट. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पावलीकडे कोण पाहतो?

पाहिलं ते सुधाकररावांनी. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ. सारं आयुष्य पहाडगंजात गेलं आणि आता मुलाबरोबर गुडगावच्या नव्या इमारतीत राहायला आलेले. चारही बाजूंना वाळूचे ढीग, अर्धवट मजले, क्रेन. मुलगा अनिश कामासाठी सदा बाहेरगावी. सून रेवती सकाळीच ऑफिसला निघायची. नात इशिता तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला स्कूटरवरून शाळेत सोडायचं, हे सुधाकररावांचं एकमेव काम उरलं होतं. त्या कामाला ते फार जपायचे.

दुधाच्या सुट्या पैशांत मी त्यांच्या हाती आले. नाण्यांचा त्यांना जुनाच नाद. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, डावा डोळा मिटला आणि मला न्याहाळलं. मग जरा तिरकं धरून पुन्हा न्याहाळलं. त्या दिवसापासून माझा मुक्काम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात.

पण त्याच आठवड्यात स्कूटर वाळूच्या ढिगावर चढली. इशिताचा गुडघा सोलवटला.

“रस्त्यावरच वाळू टाकतात, बेअक्कल!” सुधाकरराव म्हणाले.

इशिता हळूच म्हणाली, “आजोबा, वाळू तर साइडला होती.”

रेवतीने जखम धुतली. मग शांतपणे म्हणाली, “बाबा, काल तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतलात. परवा दाराची कडी चाचपत होतात. डोळे दाखवून घेऊ या ना.”

सुधाकररावांचा आवाज चढला. “माझे डोळे शाबूत आहेत! हे बघ.” त्यांनी मला टेबलावर ठेवलं. “ह्यावरचा ‘भारत’ दोनदा उमटलाय. केसाएवढं अंतर आहे, आणि ते मला दिसतं.”

“बाबा,” रेवती कळवळून म्हणाली, “दोन दिसतंय, हीच तर मला काळजी आहे.”

त्यांनी मला उचललं. मग त्यांनी इशिताला बाल्कनीत नेलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

“नीट बघ. नाणं पाडताना सैल ठसा हलला, तर अक्षराच्या कडेला नुसती चपटी पायरी पडते. अक्षर उलट बारीक होतं. तशा नाण्याला काही मोल नाही. इथे काय आहे?”

इशिता बराच वेळ पाहत राहिली. “पायरी नाहीये. दोन्ही अक्षरं उंच आहेत, गोल गोल. आणि टोकाशी फाटलीत.” ती ओरडली, “आजोबा, ये तो सचमुच डबल आहे!”

सुधाकररावांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं, डावा डोळा मिटला, मनसोक्त पाहिलं. भिंग खाली घेतलं तरी डावा डोळा अजून मिटलेलाच होता. समोर नजर गेली. समोर एक क्रेन. त्यांनी डावा डोळा उघडला. दोन क्रेन. पुन्हा मिटला. एक.

माझ्यावरची अक्षरं मात्र एका डोळ्यानेही दोनच दिसत होती.

त्यांनी मला मुठीत धरलं. मग ते आत गेले आणि स्कूटरची किल्ली रेवतीपुढे ठेवली.

“नाणं खरंच दुहेरी आहे,” ते म्हणाले. “पण समोरची क्रेन एकच आहे ना गं?”

रेवतीने बाहेर पाहिलं. “एकच आहे, बाबा.”

“मग चल. कुठे दाखवायचं ते तूच ठरव.”

तपासणीत कळलं, रक्तातली साखर वाढून डोळा फिरवणारी नस दुखावली होती. डॉक्टरांनी औषधं दिली, पथ्य सांगितलं. काही महिन्यांनी नजर बरीच सुधारली, तरी अधूनमधून सगळं पुन्हा दोन दोन व्हायचं. स्कूटर विकली. इशिता शाळेच्या बसने जाऊ लागली. सुधाकरराव तिला थांब्यापर्यंत चालत न्यायचे, आणि मी खिशात. रस्ता ओलांडताना ते थांबायचे आणि विचारायचे, “इशू, ह्यातला खरा ट्रक कुठला?”

ती न हसता सांगायची, “एकच आहे, आजोबा, डावीकडून येतोय. जाऊ दे त्याला. मग आपण जाऊ.”

मित्रांनो, मी धातूची आहे, माझं व्यंग मला दुखत नाही. माणसाला मात्र स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेत जगावं लागलं, की तो आतून शिणतो आणि मग चिडतो. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याची चेष्टा करू नका. त्याचा हात धरा, आणि त्याने विचारलं तर खरा ट्रक कुठला, ते सांगा.